प्लगवाले अण्णा

प्लगवाले अण्णा प्रत्येक वाडीत एक तरी असतातच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. सदऱ्याच्या खिशात चष्म्यामागे नवा स्पार्क प्लग, बोटांना टू-स्ट्रोक ऑइलचा वास, आणि दसरा उलटून कोकणात बेणणी सुरू झाली की तीन बागा पलीकडे चाललेल्या ग्रास कटरचं घरबसल्या निदान: "तेल जास्त पडलंय. प्लग काढून बघ म्हणावं." यंत्र बंद पडलं तर प्लग, धूर आला तर प्लग, व्यवस्थित चाललं तरी "एकदा प्लग बघून ठेव". लग्नात जनरेटर गचके देऊ लागला की अण्णा अक्षता खिशात टाकून मांडवामागे. असा माणूस पुतण्याने आणलेला बॅटरीवरचा कटर उलटासुलटा करतो, झाकणं चाचपतो आणि खोल आवाजात विचारतो, "याला प्लग कुठंय?"

माझं म्हणणं एवढंच, की अण्णांचं बॅटरीशी वैर नाहीच. पुरावा त्यांच्याच पडवीत टांगलेला आहे. पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप त्यांनी बिनतक्रार घेतला, रात्री न विसरता चार्जिंगला लावला आणि गावभर त्याची तारीफही केली. कारण त्याआधीच्या हातपंपाचा दांडा मारण्यात कसलीच विद्या नव्हती. गेली ती फक्त खांदेदुखी. कटरच्या बाबतीत मात्र लिटरला २५ मिली तेल, चोक कधी द्यायचा, दोरीला झटका कसा हवा, हे सगळं शास्त्र एका बटणाने निकालात काढलं. यंत्राला अण्णांची गरज उरली नाही, आणि ते त्यांना यंत्राच्या आधी कळलं.

ते स्वतः हे कबूल करणार नाहीत. ते ताकदीचा मुद्दा काढतील. तो खोटा नाही. किलोभर पेट्रोलात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत पाव युनिटही मुश्किलीने. छोटं इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरी पारडं पेट्रोलचंच जड राहतं. कातळावरच्या बागेत दिवसभर गवत कापायचं, जवळ वीज नाही, तिथे पेट्रोलला आज तरी तोड नाही. पण अण्णा कापतात ते घरामागचं अर्ध्या तासाचं गवत, आणि तेही वर्षातून दोनदा. अशा कामाला पेट्रोल उलट नडतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटर चिकट करतं, आणि अशा कितीतरी यंत्रांच्या पुस्तिका १० टक्क्यांवर इथेनॉल नको म्हणत असताना पंपावर मिळतं २० टक्केवालं. मग अण्णा काय करतात? बरोबर, प्लग काढून बघतात. धुराचं तर बोलूच नये. टू-स्ट्रोकमध्ये आलेल्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. पानं उडवायचं पेट्रोलचं यंत्र तासभर चाललं तर धुरकं वाढवणारं प्रदूषण मोटारीने सुमारे १,७७० किलोमीटर जाण्याइतकं होतं, असा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब आहे. म्हणजे साधारण रत्नागिरी ते दिल्ली. तिथे २०२१ साली कायदा करून २०२४ पासून अशा नव्या यंत्रांच्या विक्रीला चाप लावला. अण्णांना हे सांगितलं तर म्हणतील, "त्यांचे प्लग खराब असणार."

एवढं असूनही त्यांना मोडीत काढवत नाही. काढलेला प्लग ते उजेडात धरतात, टोकाचा रंग बघतात आणि निकाल देतात: काजळी म्हणजे तेल जास्त, तांबूस तपकिरी म्हणजे ठीक, पांढरट म्हणजे यंत्र तापतंय. नखाने फट चाचपून, पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून तो परत बसवतात आणि दुसऱ्या झटक्यात यंत्र सुरू होतं. यासाठी त्यांनी कुणाकडून कधी पैसे घेतलेले नाहीत. बॅटरी रुसली की मात्र ती उघडायची सोय नाही. तालुक्याचा दुकानदार 'नवीन घ्या' म्हणतो, आणि नवीन म्हणजे बऱ्याचदा निम्म्या यंत्राची किंमत. शेजाऱ्याची मागून आणावी तर एका कंपनीची दुसरीच्या यंत्रात शिरत नाही. अण्णांच्या खिशातला प्लग निदान अर्ध्या वाडीच्या यंत्रांना बसतो. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. अण्णांना ते ठाऊक आहे, म्हणून हा आक्षेप काढायची ते घाई करत नाहीत. पुतण्या नव्या बॅटरीची किंमत विचारून येईपर्यंत पडवीत शांत बसून राहतात.