अक्षता टाकायच्या कधी?

आमच्या गावाबद्दल दोन म्हणी आहेत आणि दोन्ही आम्हीच सांगतो. पोटभर जेवण झालं, की 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. आणि रात्रीची शेवटची गाडी चुकली, की 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. मधलं मत आम्हाला ठाऊक नाही. त्यामुळे 'सिंघम अगेन'वरून आमच्या घरात उभी फूट पडली, याचं गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही.

तशी २०२४ची दिवाळीच दुफळीची होती. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावरून पंचांगवाल्यांचं जमेना. १ नोव्हेंबरला 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' एकाच दिवशी लागले. त्यात विधानसभेची निवडणूक. अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर, म्हणून गावभर बंडखोरांच्या मनधरण्या चाललेल्या. अशात ३ तारखेला भाऊबीज आली आणि अक्का माहेरी आली. सोबत सेलूकडचे आमचे दाजी आणि पुण्यात संगणकावर काहीतरी करणारा भाचा. अक्कानं ओवाळलं, मी साडी दिली. भाचा म्हणाला, "मामा, मला साडी नको, पिक्चर दाखवा."

दाजी एरवी थेटरात येत नाहीत. पण सिंघम म्हटल्यावर उठले. २०११चा पहिला 'सिंघम' हा दाजींचा सिनेमा. मूळ कथा तामिळ, सूर्याच्या 'सिंगम'ची, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी दोन दिवस अबोला धरला. त्यांच्या लेखी बाजीराव सिंघम हा शिवगडचा, म्हणजे जवळजवळ सेलू तालुक्यातलाच. जयकांत शिक्रे गाड्या भरून गावात येतो आणि अख्खं गाव फौजदाराच्या मागं उभं राहतं, हा प्रसंग ते पोळ्याच्या मिरवणुकीसारखा रंगवून सांगतात. तेव्हापासून बैल अडला, डीपी जळाली, भाजीत मीठ जास्त पडलं, की "आता माझी सटकली" ठरलेलं. अक्का म्हणते, तेरा वर्षं सटकायलीच आहे, अजून पूर्ण कुठं सटकली नाही.

तर हे दाजी पहिल्या पाऊण तासात खुर्चीत चुळबुळ करायला लागले. पडद्यावर जो तो यायचा. एक आला की त्याचे बूट, मग पाठ, मग चष्मा, मग वाऱ्यावर उडणारी धूळ, आणि सगळ्यात शेवटी तोंड. मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची. रणवीर सिंग आला, टायगर श्रॉफ आला, दीपिका पदुकोण आली. दाजी माझ्या कानाशी लागले, "पाव्हणं, समदेच येऊ लालेत, पण जाईना कोणीच."

हे मी कुठं पाहिलंय, असं मला सारखं वाटत होतं आणि मध्यंतरात समोशाचा पहिला घास घेताना आठवलं. आमच्याकडचं लग्न! तुम्ही मराठवाड्यातल्या लग्नाला गेला असाल, तर सांगायला नको. मुहूर्त बारा पस्तीसचा. अंतरपाट धरलेला. मामा नवरीच्या मागं उभे राहून घामाघूम. आणि माइकवर एक मास्तर, "आत्ताच आपल्यात माजी सभापती यांचं आगमन झालेलं आहे. त्यांनी वधूवरांना शुभाशीर्वाद द्यावेत, अशी मी विनंती करतो." सभापती संपले की संचालक. संचालक संपतात न संपतात तोच मांडवाबाहेर चार गाड्यांची दारं धाडधाड वाजतात, आणि मास्तरांचा आवाज एक पट्टी वर जातो. तुमच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजून त्यांचा गोळा झालेला असतो. रंग तळहाताला लागलेला. एक वाजून जातो. नवरदेव बिचारा मुंडावळ्यांच्या आतून आपल्याच लग्नाकडे पाहुण्यासारखा बघत असतो.

'सिंघम अगेन'मध्ये अजय देवगणचा नवरदेव झाला होता. लग्न त्याचं, पत्रिकेत नाव मोठं त्याचं, पण माइक इतरांच्या हातात. उशिरानं अक्षय कुमार हेलिकॉप्टरमधून आला, तेव्हा तर मला मास्तरांचा आवाजच ऐकू आला.

आता भांडण कशाचं, तर लग्नाला माणसं दोन प्रकारची येतात. काहींना नवरदेव पाहायचा असतो. काही मात्र कोण कोण आलं होतं, हे मोजायलाच येतात, आणि त्यांच्या दृष्टीनं जितके फेटे जास्त तितकं लग्न झकास. भाचा दुसऱ्यांतला. 'सिंघम रिटर्न्स', 'सिम्बा', 'सूर्यवंशी' असं रोहित शेट्टीनं एकेक सोयरीक जमवत आणलेलं हे पाचवं कार्य. इतक्या वर्षांचे आहेर इथं फिटणार, म्हणून तो खुशीत होता. दाजी पहिल्यातले. त्यांना शिवगड पाहिजे होतं. शिवगड काही आलं नाही. काश्मीर आलं, श्रीलंका आली.

श्रीलंकेवरून आठवलं. सिंघमच्या बायकोला पळवून तिथं नेतात. ती रामलीलेच्या कार्यक्रमात गुंतलेली, खलनायकाचं नाव डेंजर लंका. म्हणजे आंधळ्यालाही कळावं. तरी दर थोड्या वेळानं रामलीलेचा तुकडा दाखवून समजावून सांगतात, हा बघा हनुमान, हा बघा लक्ष्मण. रामायण ऐकून रामाची सीता कोण, असं विचारणारा एखादा निघतो, हे खरं. पण त्या एकासाठी सगळ्या थेटराची उजळणी? अक्काला मात्र नेमकं हेच आवडलं. ती म्हणाली, कीर्तनातही गोष्ट माहीतच असते, म्हणून कुणी उठून जातं का? याला उत्तर नव्हतं. फूट आता तीन ठिकाणी पडली.

परतताना रिक्षात भाच्यानं जागतिक बाजू मांडली. "मामा, सगळीकडं हेच होतं. २०१५ला अ‍ॅव्हेंजर्सचा दुसरा भाग आला, 'एज ऑफ अल्ट्रॉन'. तेव्हा पण लोक असेच भांडले." २०१२च्या पहिल्या भागात सहा वीर एकत्र आले, तेच मोठं अप्रूप होतं. दुसऱ्यात ते सहा होतेच, वर जुळी भावंडं आली, व्हिजन आला, शिवाय पुढच्या सिनेमांची बी-पेरणी. थॉर मध्येच एका गुहेतल्या पाण्यात उतरतो, तो पुढच्या कथांच्या सोयीसाठी. दिग्दर्शक जॉस व्हेडननं नंतर सांगितलं, की स्टुडिओ म्हणत होता, गुहा ठेव, नाहीतर शेत काढून टाकू.

शेत म्हटल्यावर दाजींनी मान वळवली. "कोणाचं शेत?"

हॉकआयचं, भाचा म्हणाला. त्या सहांतला तो तिरंदाज. दमलेले सगळे वीर त्याच्या शेतावरच्या घरी मुक्कामाला जातात. बायको, पोरं, लाकडं फोडणं. निम्म्या चाहत्यांना हा भाग रटाळ वाटला, निम्म्यांना तोच सगळ्यात चांगला. ट्रॅक्टर बंद पडलेला असतो म्हणून हॉकआयची बायको आयर्नमॅनला बघायला सांगते.

"मग?"

"मग तो गोठ्यात जातो. तिथं दुसराच माणूस भेटतो, आणि ते जगाबद्दल बोलत बसतात."

"ट्रॅक्टर सुरू झाला का?"

"ते दाखवलं नाही, बाबा."

दाजी बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या घरात सोयाबीनची पोती लावलेली होती. हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारात त्याच्या आतच बोली चाललेली. शेवटी म्हणाले, "सहा-सहा जण घरी आले, लोखंडी माणूस सोबत होता, आन् ट्रॅक्टर तसाच?" मला वाटतं, त्या सिनेमावर जगभर जे लिहिलं गेलं असेल त्यात इतकी नेमकी टीका झालेली नसणार.

घरी आल्यावर खरा भडका उडाला. भाचा सहज बोलून गेला, की शेवटी सलमान खान आला तेव्हा काय शिट्ट्या पडल्या! दाजी म्हणाले, सलमान नव्हताच. भाचा म्हणाला, होता, चुलबुल पांडे होऊन आला होता. दाजी म्हणाले, मी काय झोपलो होतो का? झोपले नव्हते. सिनेमा दोन तास चोवीस मिनिटांचा. रावण पडला आणि पाट्या सुरू झाल्या, तशी गर्दीच्या आधी रिक्षा पकडायला म्हणून दाजी बाहेर पडले होते. आमच्याकडं अक्षता पडल्या की माणूस तडक पंगतीकडं पळतो, तशी त्यांची सवय.

त्याला आता बरेच महिने झाले. सोयाबीन विकलं. सलमान त्यात होता, हे दाजींना अजून मान्य नाही.