वाघाचा पंचनामा

हेरगिरी हा मुळात संकोची माणसाचा व्यवसाय आहे. ज्याचे यश कोणास कळता कामा नये, ज्याच्या अपयशाची जबाबदारी कोणतेही सरकार आपल्या शिरावर घेणार नाही, आणि ज्याच्या पश्चात शेजारच्या वाण्यासही ‘हा गृहस्थ कोठेतरी कारकुनी करीत असे’ एवढेच सांगता यावे, अशाच इसमास या खात्यात रुजू करून घेण्याचा प्रघात कौटिल्याच्या काळापासून चालत आला आहे. १९६८ साली भारत सरकारने परदेशी टेहळणीसाठी ‘रॉ’ हे स्वतंत्र खाते उघडले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव यांनी तर हा संकोच इतक्या निष्ठेने पाळला, की प्रसिद्धीच्या बाबतीत ते स्वतःच एक गुपित होऊन बसले. अशा खात्यावर हिंदी चित्रपट काढणे हे मोठ्या धाडसाचे काम खरेच. कारण ज्याला कोणीही ओळखू नये असा नायक आणि ज्याला पाळण्यातले पोरही ओळखते असा नट, या दोघांना एकाच देहात नांदवावे लागते.

हे धाडस ‘एक था टायगर’ या चित्रपटाने १५ ऑगस्ट २०१२ रोजी केले, आणि काही अंशी निभावलेही. दिग्दर्शक कबीर खान यांच्या या वाघाला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील एका वृद्ध भारतीय शास्त्रज्ञावर पाळत ठेवण्याचा हुकूम होतो. क्षेपणास्त्रविद्येची गुपिते हे गृहस्थ पाकिस्तानास पोचवीत असावेत, असा खात्यास वहीम असतो. वाघ तेथे लेखकाचे सोंग घेऊन जातो. ही योजना खात्यातील कोणा मुरलेल्या माणसाची असली पाहिजे. कारण लेखक दिवसभर काय करतो हे कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर उत्तर ऐकण्यास थांबत नाही. शास्त्रज्ञाच्या घरची देखभाल करणारी झोया शत्रुपक्षाची हेर निघते, दोघांचे प्रेम जमते, आणि दोन्ही सरकारांची खाती आपापली कामे बाजूस सारून या जोडप्याच्या मागे थेट हवानापर्यंत धावतात. शेवटी दोघे निसटतात, आणि आज येथे दिसले, उद्या तेथे दिसले, अशा नुसत्या खबरा दप्तरी दाखल होत राहतात.

या चित्रपटात हाणामारी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण पळण्याच्या आधी तेथे पाळत होती, गोळीच्या आधी संशय होता, आणि मुख्य म्हणजे मेजाच्या पलीकडे गिरीश कार्नाड होते. १९३८ साली माथेरानला जन्मलेला हा नाटककार खातेप्रमुख शेणॉय होऊन अशा मुद्रेने फायलीतून मान वर करीत असे, की चाळीस वर्षे सरकारी गुपिते सांभाळून माणसाचे काय होते हे प्रेक्षकास एकाही संवादाविना समजावे.

आटगावसारख्या गावात राहणाऱ्यास पाळतीचे महत्त्व मुद्दाम शिकवावे लागत नाही. आसनगाव आणि खर्डी यांच्या दरम्यानच्या या स्टेशनावर एखादा अपरिचित इसम कसारा लोकलमधून उतरला, तर फलाटाचे टोक गाठण्यापूर्वी त्याची पहिली जबानी झालेली असते. “कोणाकडं आलात?” हा पहिला प्रश्न, “आडनाव काय म्हणालात?” हा दुसरा, आणि त्याने काहीही उत्तर दिले तरी “म्हणजे खर्डीच्या त्यांचे तुम्ही कोण?” हा तिसरा. चहाचा पेला त्याच्या हाती पडेपर्यंत तो जमीन पाहावयास आला आहे, मुलगी पाहावयास आला आहे, की महामार्गालगतच्या गोदामात कामास लागला आहे, याचा निकाल लागून ती बातमी शेवटच्या घरापर्यंत पोचलेली असते. लेखकाचे सोंग घेतलेला वाघ येथे अवतरला असता तर दुपारच्या आत त्याचे खरे नाव, हुद्दा आणि लग्न का लांबले याची कारणे सर्वत्र विदित झाली असती. सारांश, हेरगिरी कशी होते हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच पुढील भागात तिचे काय झाले यासंबंधी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेतो.

तो पुढील भाग, ‘टायगर जिंदा है’, २२ डिसेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. पाच वर्षांत दिग्दर्शक बदलून अली अब्बास जफर आले होते, आणि नवा अंमलदार आला म्हणजे जुन्या दप्तराचे जे होते तेच येथेही झाले. पहिल्या भागात दडून बसण्यात धन्यता मानणारा वाघ या भागात ऑस्ट्रियाच्या बर्फात लांडग्यांच्या कळपाशी झुंजून आपल्या हयातीची वर्दी देतो. मग त्यास इराकला जावे लागते. तेथे इक्रित नावाच्या शहरातील एका रुग्णालयात अतिरेक्यांनी भारतीय आणि पाकिस्तानी परिचारिका ओलीस धरलेल्या असतात, आणि त्यांच्या सुटकेसाठी दोन्ही देशांची हेरखाती, जी आपसांत साध्या तारखेवरही एकमत होऊ देत नाहीत, ती एकाच बसवर दोन झेंडे लावून निघतात. न्यायाच्या दृष्टीने एवढे नमूद केले पाहिजे, की तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात मजूर म्हणून शिरावे, तेथे अपघात घडवावा, आणि भाजलेले रुग्ण होऊन त्याच रुग्णालयात दाखल व्हावे, ही त्यांची युक्ती अस्सल हेराची आहे. परंतु युक्ती सफल होताच ती इतक्या घाईने गुंडाळून ठेवली जाते, की चित्रपटास तिची लाज वाटत असावी असा संशय येतो. त्यानंतर वाघ एक अवजड मशीनगन उचलतो, आणि ज्या माणसाचे अस्तित्वच नाकारण्याची सरकारची तयारी होती, त्याचा आवाज चार कोसांवर ऐकू जातो.

या प्रसंगाचा रीतसर पंचनामा आमच्या तलाठीभाऊसाहेबांनी केला असता तर तो असा झाला असता: ‘मौजे इक्रित येथील रुग्णालयाची समक्ष पाहणी केली. इमारतीच्या चतुःसीमा पूर्वी काय होत्या हे सांगण्यास चारांपैकी एकही सीमा शिल्लक नाही. रिकाम्या काडतुसांची मोजदाद सुरू केली, ती अंधार पडल्यामुळे स्थगित ठेवली. हेराची ओळख पटविण्यात अडचण आली नाही, कारण त्याच्या अंगावर सदरा नव्हता. सदर इसम गुप्तपणे आला होता काय असे विचारता त्याने गॉगल लावला. पंच म्हणून सही करण्यास प्रतिपक्षाकडील कोणी इसम हयात आढळला नाही. पंचनामा वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे.’

गंमत अशी, की हा चित्रपट ज्या सत्य घटनेवरून सुचला, ती घटनाच पहिल्या भागाच्या जातीची होती. २०१४ च्या उन्हाळ्यात इराकमधील तिक्रीतच्या रुग्णालयात बहुतांश केरळच्या असलेल्या ४६ भारतीय परिचारिका अडकल्या. तेथून त्यांना मोसुलला नेण्यात आले, आणि ५ जुलै रोजी एअर इंडियाच्या विमानातून त्या सर्वजणी कोचीला सुखरूप उतरल्या. दिल्लीत परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज आणि तिरुवनंतपुरमला मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्या दूरध्वनींना त्या दिवसांत उसंत नव्हती. कोणाशी बोलणे झाले आणि काय ठरले, याचा तपशील जाहीर करण्याचे सरकारने कटाक्षाने टाळले. बंदूकधारी पथक कोठे उतरले नाही, मशीनगन कोणी उचलली नाही. याच घटनेवर २०१७ सालीच मल्याळी भाषेत ‘टेक ऑफ’ नावाचा चित्रपट निघाला, आणि त्याने त्या परिचारिकांची भीती, त्यांची कर्जे आणि त्यांचे संसार यांकडे पाहणे पसंत केले. मुंबईने मात्र असा विचार केला असावा, की जी सुटका फोनवर बोलून झाली तिच्यासाठी प्रेक्षक तिकीट काढणार नाही.

हा विचार केवळ मुंबईचाच आहे असे समजून मान खाली घालण्याचे कारण नाही. १९९६ साली ब्रायन डी पाल्मा यांनी ‘मिशन: इम्पॉसिबल’ काढला, तेव्हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग संपूर्ण शांततेचा होता: हेर दोरास लोंबकळत तिजोरीच्या खोलीत उतरतो, आणि घामाचा एक थेंब जमिनीवर पडेल की काय या चिंतेने थिएटरातील लोक श्वास रोखून धरतात. २००० साली दुसरा भाग जॉन वू यांच्याकडे गेला, आणि घामाच्या थेंबाच्या जागी मोटारसायकली, ज्वाळा व त्यांतून संथपणे उडणारे पारवे आले. अर्थात घाम गाळण्याचे काम तेव्हापासून प्रेक्षकांकडे वर्ग झाले.

या स्थित्यंतराची कारणे पंडितांनी पुष्कळ दिली आहेत. स्फोटास भाषांतर लागत नाही, म्हणून तो परदेशी खपतो. संशय जाहिरातीच्या दोन मिनिटांत मावत नाही, उडणारी मोटार मावते. आणि एकदा नायकाचे नाव सर्वांस ठाऊक झाल्यावर त्यास पुन्हा सोंग देण्यात अर्थ राहत नाही. आम्ही यात एका स्थानिक कारणाची भर घालू इच्छितो. आमच्याकडील बहुसंख्य लोक हे चित्रपट कसारा लोकलमध्ये, तळहाताएवढ्या पडद्यावर, डाव्या खांद्यावर एकाची पिशवी व उजव्या खांद्यावर दुसऱ्याची झोप सांभाळीत पाहतात. त्याच डब्यात भजनी मंडळाचे टाळ चालू असतात. अशा स्थितीत कार्नाडांनी हळू आवाजात कोणता इशारा दिला हे विठ्ठलासच ठाऊक. परंतु इमारत कोसळली, तर ती टाळांच्या गजरातही कोसळलेली दिसते. कल्याणला झोप लागली आणि आसनगावला जाग आली तरी कथानकाचा धागा सुटत नाही, कारण मध्यंतरीही तेच चालू असते. उत्तरभागाचे शिल्प हे या प्रवासासाठीच घडवले आहे, असे आमचे नम्र मत आहे.

तिसऱ्या भागात तर हा आवाज पडद्यातही मावेना. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ‘टायगर ३’ प्रदर्शित झाला, आणि आमच्या गावावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे ज्या मालेगावास जातो, तेथील एका चित्रपटगृहात नायकाच्या दर्शनाने कृतार्थ झालेल्या भक्तांनी भर खेळात, छताखाली, खुर्च्यांच्या मधोमध फटाके आणि बाण उडवले. लोक जीव मुठीत धरून पळाले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आणि खुद्द नायकास हे धोक्याचे आहे, शांतपणे चित्रपट पाहा, अशी विनंती करावी लागली. तीन चित्रपट लोकांना हेच शिकवून झाल्यावर आलेली ही विनंती आम्हांस फार हृद्य वाटली.

इतिहास मात्र आपले भाग उलट्या क्रमाने काढतो, आणि त्याचा दाखला पाहण्यास आम्हांस तिकीट काढावे लागत नाही. माहुलीचा गड येथून दिसतो. पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला हा गड १६७० च्या फेब्रुवारीत परत घेण्याचा प्रयत्न झाला. मराठे रात्री दोरांच्या शिड्या लावून कडा चढले. परंतु किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, आणि त्या रात्री आपली शेकडो माणसे कामी आली. शौर्यात काडीची उणीव नव्हती. शत्रू जागा होता, एवढेच. मग गडाची रसद आटू लागली, मनोहरदास गड सोडून गेला, त्याच्या जागी दुसरा किल्लेदार आला, आणि जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतली. रक्त तेव्हाही सांडले. पण कडा चढण्यापूर्वी वर कोण आहे आणि कोण नाही याची खबर काढण्याचे मोल काय असते, हे फेब्रुवारी आणि जून या दोन महिन्यांइतके स्पष्टपणे कोणत्याही हेरकथेने सांगितलेले नाही. आजच्या निर्मात्याकडे ही कथा गेली, तर तो फेब्रुवारीची रात्र ठेवील, तीत मोरोपंतांस घालील, आणि जून महिना कापून टाकील.

शिवाय या तालुक्यात एक गुप्त मोहीम १८९२ सालापासून अव्याहत चालू आहे, तिच्याकडे कोणा दिग्दर्शकाचे लक्ष कसे गेले नाही, याचे आम्हांस नवल वाटते. आटगावापासून जवळच असलेल्या तानसा धरणाचे पाणी तेव्हापासून रात्रंदिवस मुंबईस जाते. मोहिमेचे पुढील भागही निघाले: मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा उंच, सर्व या तालुक्यात किंवा त्याच्या शिवेवर. एक गोळी सुटली नाही, एक काच फुटली नाही, कोणाच्या सदऱ्यास सुरकुती पडली नाही. आणि एप्रिल उजाडला की धरणांच्या कुशीतील पाड्यांवर बायामाणसे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभी असतात. वाद्यांचा गजर, फटाके आणि गॉगल लावलेले नायक येथेही आहेत, परंतु ते टँकरला नारळ फोडण्याच्या प्रसंगी प्रकट होतात. मोहीम त्यांच्या पायाखालच्या नळातून बिनबोभाट पुढे जात असते.

तरी या सदराद्वारे चित्रपटाच्या निर्मात्यांस अर्ज करण्यात येतो, की चौथा भाग काढणे झाल्यास वाघाची नेमणूक मौजे आटगाव येथे करावी. त्याने मशीनगन कसाऱ्याच्या अलीकडेच जमा करावी, सदरा घालून यावे, आणि तालुक्यातील पाणी तालुक्यातील हंड्यापर्यंत का पोचत नाही, याचा तपास कोणास न कळता करून अहवाल सादर करावा. मुदत एक उन्हाळा. तपास यशस्वी झाल्यास त्याचे श्रेय घेण्यास पुढारी मुबलक आहेत, त्यामुळे गुप्ततेचा भंग होण्याची भीती नाही. आणि अयशस्वी झाल्यास, येथे त्याच्या आधी आलेल्या सर्व अधिकाऱ्यांप्रमाणे, त्याचीही बदली करण्यात येईल.