गगनबावडेकर उन्हात

गगनबावड्यात ऊन हा पाहुणा आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या गावात श्रावणात तासभर ऊन पडलं, की गाद्या, घोंगडी, पोरांची दप्तरं आणि घरातली म्हातारी माणसं एकदमच अंगणात येतात. आम्ही जपतो ते पावसापासून. करूळ घाटात दरड, रानात जळवा, कपाटात बुरशी. त्यामुळं दुबईहून पोराचा फोन आला, "आण्णा, इथं उन्हाला जपायचं हं," तेव्हा हिनं कपाळाला हात लावला. ऊन खायलाच तर निघालो होतो.

खरा धोका उन्हात नव्हता, बॅगेत होता. दिवाळीला पोरगं आलं नाही म्हणून हिनं एप्रिलमध्ये अनारसे केले होते. त्यांच्या पाठीला खसखस. जोडीला कांदा-लसूण मसाला, त्यात खसखस. पांढऱ्या रश्श्याचं कोरडं वाटण, त्यात तर खसखशीशिवाय भागतच नाही.

"आई, खसखस आणू नकोस! इकडं बंदी आहे. अफूच्या बोंडातली ना ती. विमानतळावर धरतील."

"अरे, खसखशीनं कुणाला नशा चढलीय? झोप लागते फार तर."

"हे तू तिथल्या पोलिसांना सांगत बसणार आहेस का?"

गंमत नाही. अमिरातीत खसखस अमली पदार्थात मोडते आणि तिच्यापायी भारतातली माणसं खरोखर अडकली आहेत. पण रश्श्याच्या वाटणासाठी माणूस आत जाऊ शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला पटवायचं? शेवटी तिळावर थापलेले अनारसे विमानात चढले. चवीचं विचारू नका.

मग औषधं. माझ्या गोळ्या वर्षानुवर्षं एका स्टीलच्या डब्यात गुण्यागोविंदानं नांदतात. त्यांना आपापल्या पाकिटात परत धाडावं लागलं, वर डॉक्टरांची चिठ्ठी. कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलची गोळी तर तिथं आधी परवानगी काढल्याशिवाय न्यायचीच नाही.

ऊन मात्र खरंच आपल्यातलं नव्हे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथं कायद्यानंच मनाई आहे, यावरून काय ते समजा. आम्ही एप्रिलात गेलो तरी मी पूर्ण तयारीनिशी बाहेर पडायचो. डोक्यावर टोपी, टोपीवर काळी छत्री, खिशात कांदा. कांद्यानं ऊन किती अडलं देव जाणे, पण मॉलच्या लिफ्टमध्ये आमच्याभोवती ऐसपैस जागा होत असे. पोरगा म्हणाला, "आण्णा, कांदा राहू दे, पाणी प्या." आता तहान लागण्याआधीच पाणी प्यायचं, ही गोष्ट गगनबावडेकराच्या डोक्यात शिरत नाही. आमच्याकडं पाणी प्यावं लागत नाही, ते आपोआप अंगात मुरतं. सुनेनं ओआरएसची पुडी पुढ्यात ठेवली, तर ही ती पेलाभर पाण्यात ढवळायला निघाली, घट्ट म्हणजे गुणकारी या हिशेबानं. पुडीवर लिहिलेलं लिटरभर पाणी लिटरभरच घ्यायचं असतं. दाट केलं की गुण राहिला बाजूला, अपाय होतो.

आणि 16 एप्रिल 2024 ला पाऊस आला. दुबई विमानतळावर चोवीस तासांत 142 मिलिमीटरहून जास्त. तिथली वर्षाची सरासरी 95च्या आसपास. विमानं अडकली, गाड्या तरंगल्या, शाळा घरून. आमच्याकडं एवढ्या पावसात पोरं शाळेत जातात आणि मास्तर उशिरा का आलात म्हणून विचारतात. पोरगा घाबराघुबरा, "आण्णा, बाहेर पडू नका!" अख्ख्या इमारतीत छत्री माझ्या एकट्याकडं, आणि बाहेर पडायची बंदीही मलाच. पोराचंच बरोबर होतं. पाऊस ओळखीचा असला तरी रस्ता ओळखीचा नव्हता, आणि साठलेल्या पाण्याखाली काय आहे ते छत्रीला कळत नाही.

दोनेक महिन्यांनी दुबईनं पावसाचं पाणी वाहून न्यायला 30 अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. आमच्याकडं हे काम कुंभी नदी फुकटात करते. पुढं त्या पाण्यानं कोल्हापूरचं काय होतं, तो विषय वेगळा.