साडेसात चंद्रपूर

आमच्या चंद्रपुरात विजेविषयी बोलणं म्हणजे घरच्या माणसाविषयी बोलणं. ऊर्जानगरची धुराडी गच्चीवरून दिसतात, त्यांची राख वाळत घातलेल्या कुरडयांवर येऊन बसते, आणि तरीही भारनियमनाच्या वर्षांत आम्ही त्याच गच्चीवर पुठ्ठ्यानं वारा घेत पडलेले असायचो. इरई धरणाचं पाणी दिलं, पोटातला कोळसा दिला, आणि आमच्या वाट्याला मेणबत्ती आली. तक्रार नाही, यजमानानं पंगतीला शेवटीच बसायचं असतं.

त्यामुळे २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली आणि वीजबिल दाखवून स्वस्तात एलईडी बल्ब मिळू लागले, तेव्हा घरोघरी काटकसरीची जी लाट आली तिच्यात मला थोडी गंमत वाटली. वीजकेंद्राच्या सावलीत राहायचं आणि एकेक वॅट मोजायचा! मग एका रिकाम्या दुपारी मीही मोजायला बसलो. देशभर वाटले गेलेले एलईडी छत्तीस कोटींच्या वर. प्रत्येकी नऊ वॅट धरून सगळे एकदम लावले, तर आपल्या २९२० मेगावॅटच्या केंद्राला थोडीशीच धाप लागेल. तेच जुने साठ वॅटचे लावले असते, तर साडेसात चंद्रपूर लागली असती. साडेसात धुराडीवनं, साडेसात वेळा कुरडयांवर राख. देशाची साडेसाती अशी परस्पर टळली, आणि कुठल्या शनिमंदिरात साधं तेलही वाहावं लागलं नाही.

आमच्या देवघरात तेव्हा तांबडा झिरोचा बल्ब होता. तो वीज खातच नाही अशी घरातल्या सर्वांची श्रद्धा. खरं तर तो बारा-पंधरा वॅट खायचा. जुन्या तबकडीच्या मीटरला एवढंसं खाणं कळत नसे, इतकंच. नवा नऊ वॅटचा दिवा सबंध बैठक उजळतो आणि त्या झिरोपेक्षाही कमी खातो. शून्याहून लहान संख्या छताला लटकलेली मी प्रथमच पाहत होतो.

सगळ्यांत मोठी झळ बसली ती पालीला. पहिल्या पावसानंतरच्या रात्री जंगलाच्या अंगानं पंख फुटलेली वाळवी झुंडीनं यायची, आई दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची, आणि पाल भिंतीवर बसल्या बसल्या वर्षाची बेगमी करायची. एलईडीत अतिनील किरणं जवळपास नसतातच, त्यामुळे किडे आता फारसे फिरकत नाहीत. पाल मात्र अजून रोज दिवेलागणीला हजर होते. नवं धोरण तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

आरमोरीच्या आत्यापर्यंत ते मीच पोचवलं. आत्यानं झाडीपट्टीची नाटकं गॅसबत्तीच्या उजेडात पाहिलेली. ती सांगते, बत्ती मंदावली की पंप मारायला एक माणूस थेट राजाच्या दरबारात शिरायचा. त्याचं काम होईपर्यंत राजा संताप आवरून उभा. एवढा उजेड पाहिलेल्या बाईला मी नवा बल्ब लावून दाखवला. तिनं त्याखाली तळहात धरला, थोडा वेळ वाट पाहिली.

"उजेड हाय बाप्पा, पन ऊब नाही."

खरंच होतं. जुना बल्ब वीज घ्यायचा उजेडाच्या नावावर आणि बहुतेक सगळी उष्णतेत उधळायचा. मे महिन्यातल्या सत्तेचाळीस अंशांत त्याला शिव्या पडायच्या. पण जानेवारीत आत्याच्या टोपलीतली कोंबडीची पिल्लं त्याच उधळपट्टीवर जगायची. मी तिला बल्बचे गुण समजावत राहिलो. खोक्यावर पंचवीस हजार तास छापले होते. रोज पाच तास जाळला तर तेरा वर्षं सहज, असं सांगितलं.

आत्यानं बोटांवर स्वतःचं वय पुढे मोजलं, मग बल्बकडे पाहिलं.

"मंग बाबू, याचा फेरफार कोनाच्या नावानं करू? तलाठ्याले आताच विचारून ठेव."