सहा युनिट व्होडका

आमच्या घरात रोज सकाळी दोघांना सिरिंजने डोस द्यावा लागतो. सासूबाईंना इन्सुलिनचा आणि हॉलमधल्या टँकला व्होडकाचा. सिरिंज एकाच जातीची, लाल टोपणाची, 40 युनिट म्हणजे एक मिली. सासूबाईंचे अठरा युनिट, टँकचे सहा. स्वतःला टोचून घेताना त्या भिंतीकडे बघतात. मी टँकपाशी गेले की मात्र चष्मा लावून येतात. “सहाच ना गं? त्या दिवसासारखं करू नकोस.”

त्या दिवसाचं सांगते. पण आधी टँकचं.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ, तोंडात नळी धरून, पाण्यात डोकं घालायची चूक मी केली. खाली कोरल, कोरलांवर मासे. परत खांदा कॉलनीत आले ती डोक्यात समुद्र घेऊनच. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची पेटी आली. दगड, वाळू वजा जाता साधारण दीडशे लिटर पाणी. तेही घरीच बनवायचं : आरओच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ. याला म्हणायचं रीफ टँक. त्यात कोरल मात्र नाही. दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. वाघ हॉलमध्ये ठेवत नाहीत, तसं कोरलही नको, असं मी ठरवलं. सिरॅमिकचे दगड आणि हॅचरीत जन्मलेले दोन केशरी क्लाउनफिश. “गणपती नाही आणि मखर केवढं!” असं सासूबाई म्हणाल्या, ते अजून खोडून काढता आलेलं नाही.

सहा महिने बरे गेले. मग पाच दिवसांच्या गणपतीला आम्ही पेणला गेलो आणि माशांना समोरच्या काकूंच्या हवाली केलं. “रोज एक चिमूट” असं सांगून गेले होते. चिमूट हे माप माणसागणिक बदलतं हे तेव्हा ध्यानात आलं नाही. काकू सत्यनारायणाचा शिरासुद्धा द्रोण भरून देणाऱ्या. परत आलो तेव्हा खाऊचा डबा रिकामा होता, मासे गुटगुटीत होते आणि दगडांवर हिरवळ अशी दाटली होती की गाय सोडावी. नायट्रेट तपासायच्या बाटलीत पिवळसर रंग यायला हवा, तिथे लालभडक आला. काकूंना काय बोलणार? उलट आम्हीच त्यांच्या हातावर पेणचे पोह्याचे पापड ठेवले.

एव्हाना पुस्तकी अक्कल आली होती. मासा श्वासावाटे, कल्ल्यांतून, अमोनिया सोडतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. ही दोन पायऱ्यांची कामं करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमाराला मातीतून वेगळे करून दाखवले. गाडी अडते ती नायट्रेटपाशी. दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे तिसऱ्या जातीचे जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. पण तीन फुटी टँकमध्ये ते पुरे पडत नाहीत. मग माणसं युक्ती करतात. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतं, जीवाणूंना वाढायला कमी पडतो तो कार्बन. तो व्होडकातून वरून दिला की जीवाणू भराभर वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट अंगात साठवतात, आणि स्किमर नावाचं यंत्र फेसाबरोबर त्या जीवाणूंनाच बाहेर काढतं. स्किमरचा पेला धुताना जो वास येतो त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी टाळते.

हे सगळं मी सासूबाईंना समजावलं. त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे डाळ शिजून पडलीय आणि गूळच नाही. पुरण होणार कसं?”

समुद्रातल्या प्लवकांच्या अंगात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण 106 ला 16 ला 1 या प्रमाणात असतात, हे रेडफील्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या अभ्यासातून पुढे आलं. त्याचा पहिला निबंध 1934 चा. पेणच्या माहेरवाशिणीने ते पुरणावर आणून ठेवलं.

“आणि गूळच घातला तर?” पुढचा प्रश्न आला.

चालतो. कोळंबी-मत्स्यपालनात बायोफ्लॉक करणारे तळ्यात गूळ किंवा मळीच घालतात, कारण तेच. “मग दारू कशाला?” व्होडकाने पाण्याला रंग येत नाही, माप नेमकं घेता येतं, असं काहीतरी मी म्हणाले. खरं सांगायचं तर व्होडका म्हटल्यावर शास्त्र केल्यासारखं वाटतं. गुळाने नैवेद्य दाखवल्यासारखं.

दुकानदाराने विचारलं, “ताई, क्वार्टर की खंबा?” मी माशांसाठी हवी आहे म्हणाले. त्याने मान डोलावली. असली कारणं त्याने बरीच ऐकली असावीत. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो आणि तो प्रकृतीस्वास्थ्यासाठी मिळतो. कुणाच्या प्रकृतीसाठी, एवढाच काय तो प्रश्न. घरी येऊन हिशेब केला : रोज सहा युनिट म्हणजे 0.15 मिली, 180 मिलीची क्वार्टर 1,200 दिवस पुरेल. एक क्वार्टर सव्वातीन वर्षं पुरवणारं घर आमच्या कॉलनीत दुसरं नसावं.

आता तो दिवस. डोस थेंबाथेंबाने, आठवड्या-आठवड्याने वाढवायचा असतो. मला पंधरा दिवसांत काही फरक दिसेना. एका रात्री सिरिंज बाजूला ठेवली आणि बाटलीचं एक टोपण भरून टँकमध्ये ओतलं. एक टोपण! लग्नातल्या भावजींना त्याने काहीही झालं नसतं. पहाटे तीनला सासूबाई उठल्या तर वीज गेलेली, स्किमर बंद, पंप बंद. त्यांनी टॉर्च मारला. टँकमध्ये पाणी नव्हतं, भाताची पेज होती. जीवाणू इतके माजले होते की पाण्यातला प्राणवायू त्यांनीच संपवला होता, आणि दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते.

“अगं ऊठ, ह्यांना धाप लागलीय!”

मी धावत आले तोवर त्यांनी स्वयंपाकघरातून ताकाची रवी आणली होती. स्टुलावर बसून, पदर खोचून, त्या टँक घुसळत होत्या. संथ, वरच्या वर, लोणी काढतात तशा. मी तांब्याने पाणी उपसून उंचावरून धार धरत होते. तास-दीड तास हे चाललं. मध्येच म्हणाल्या, “लोणी आलं तर सांग.” वीज आली, स्किमर घुरघुरला आणि सकाळपर्यंत त्याचा पेला तीनदा भरून वाहिला. दोन दिवसांनी पाणी नितळ झालं. मासे वाचले. रवी मात्र गेली. खाऱ्या पाण्यात बुडालेली रवी ताकाला लावायला त्या तयार नव्हत्या. पनवेलच्या बाजारातून नवी आणली, जुनी टँकच्या मागे खिळ्याला लटकते.

मी समजत होते की मी दोन मासे पाळलेत. मासे काय, चिमूटभर खातात आणि मिरवतात. सकाळचा डोस, रात्रीची काळजी, वीज गेली की घालमेल, हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. आणि त्यांना उपाशी ठेवूनही भागत नाही. नायट्रेट पार शून्यावर आलं की दगडांवर तपकिरी शेवाळी साय धरते, ती आधीच्या हिरवळीपेक्षा वाईट.

सासूबाई दर सोमवारी खांदेश्वराला जातात. परवा देवळाजवळच्या तळ्यावर एक गृहस्थ पुण्य म्हणून माशांना पावाची अख्खी लादी टाकत होते. त्यांना सासूबाईंनी थांबवलं. “अहो, नायट्रेट वाढतं!” गृहस्थ हात जोडून बाजूला झाले. त्यांना बहुधा तो मंत्र वाटला.

तीन महिन्यांनी नायट्रेटच्या बाटलीतला आमचा रंग फिका नारिंगी झाला आहे, साधारण दहा पीपीएमच्या घरात. डोस सहा युनिटच. आमच्याकडे आलात तर माशांना काही आणू नका. पाव, बिस्किटं चालतील, पण ती सासूबाईंच्या नजरेआड माझ्या हातात द्या; त्यांना साखर वर्ज्य आहे.