जिल्ह्याएवढा देश, खोलीएवढं घर

म्युनिक,
ऑगस्टअखेर

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही चौघं सुखरूप घरी पोहोचलो. घरी म्हणजे भिंती असलेल्या घरी. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण आईंच्या भजनी मंडळात आमच्यावरून काय चर्चा रंगलीय ते वन्संनी फोनवर सांगितलं. ‘मुलगा-सून परदेशात गाडीत राहतात, नातवंडंसुद्धा गाडीतच झोपतात’ हे ऐकून कुणीतरी आईंना वणीच्या देवीचा नवस सुचवला म्हणे. तर मंडळाला कळवा की नोकरी शाबूत आहे, घरभाडं वेळेवर जातंय आणि त्या गाडीचं एका रात्रीचं भाडं बऱ्यापैकी हॉटेलपेक्षा जास्त होतं. (हे शेवटचं बाबांना वाचून दाखवू नका.)

फोटो तुम्ही पाहिलेतच. पण फोटोत तळी दिसतात, टॉयलेटची टाकी दिसत नाही. म्हणून हे पत्र.

आधी आम्ही फिरलो तो देश कुठला ते सांगते. ऑस्ट्रियाच्या खाली आणि इटलीच्या शेजारी, आल्प्सच्या पूर्वेकडच्या टोकाला स्लोव्हेनिया आहे. १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. बाबांना आकडा दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, म्हणून सांगते : क्षेत्रफळ २०,२७१ चौरस किलोमीटर. आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजारांचा. माणसं मात्र तिथे जेमतेम २१ लाख, आणि आपल्याकडे २०११च्या जनगणनेतच ६१ लाख. म्हणजे इगतपुरीपासून मालेगावपर्यंतची दर तीन माणसांतली दोन उचला, जागा थोडी वाढवा, सटाण्याच्या बाजूला बर्फ अंथरा, की झाला स्लोव्हेनिया. ‘एवढासा देश, दोन दिवसांत उरकेल,’ असं हे निघताना म्हणाले होते. नाशिक जिल्हा कुणी दोन दिवसांत पाहून दाखवावा.

आता गाडी, म्हणजे भाड्याची कॅम्परव्हॅन. पुढे चालकाची जागा, तिच्या डोक्यावर माळा, तिथे मुलं. मधलं टेबल रात्री खाली दाबलं की त्याचा पलंग होतो, तो आमचा. दोन शेगड्या, वीतभर ओटा, आणि न्हाणीघर असं की एकाच जागी बसून दात घासावेत, पाय धुवावेत आणि बाकीचंही उरकावं. प्रत्येक कप्प्याला खटका. तो नीट लावला नाही तर पहिल्याच वळणावर सामान खाली. आमचा गोडा मसाला ऑस्ट्रिया ओलांडायच्या आतच जमिनीवर आला. प्रवासभर गाडीला आमटीचा वास होता. भाड्याची गाडी परत करताना तिथल्या मुलीनं आत शिरून दीर्घ श्वास घेतला, पण हिशोबात काही लावलं नाही.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. त्यात चौघांच्या आंघोळी, भांडी, चूळ भरणं सगळं आलं. आई, लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायला लावायचात, नळ दोन मिनिटं जास्त चालला तरी आतून हाक मारायचात. या गाडीत मी दुसऱ्याच दिवशी नेमक्या त्याच सुरात ओरडायला लागले : ‘पाणी कुणी सोडलंय? लाइट कुणासाठी चालू आहे?’ थोरला म्हणाला, ‘आई, तुझ्यात आजी आली.’ ह्यांनी लगेच चादर डोक्यावरून ओढून घेतली. बहुधा लहानपण आठवलं असावं.

टॉयलेटची टाकी म्हणजे चाकं लावलेली एक पेटी असते. ती भरली की बाहेरून खेचून काढायची, कॅम्पिंगच्या ठरलेल्या जागी ओढत न्यायची, रिकामी करायची, धुवायची, निळं औषध घालायचं आणि परत बसवायची. हे काम तुमच्या चिरंजिवांकडे होतं. मी सांगितलं असं समजू नका. करारावर सही त्यांची होती. सकाळी आठच्या सुमारास आपापली पेटी ओढत निघालेल्या नवरेमंडळींची तिथे रांग लागते. जर्मन, डच, इटालियन, सगळे एकमेकांना अदबीनं ‘गुड मॉर्निंग’ करतात आणि कुणी कुणाच्या पेटीकडे बघत नाही. नाशिकला असताना ताटाखालचा पाट न उचलणारा माणूस तिथे रांगेत उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारत होता. आई, तुम्हाला वाईट वाटेल, पण मला दृष्ट काढावीशी वाटली.

वाटेल तिथे गाडी लावून झोपायला त्या देशात बंदी आहे. दंड होतो. ठरलेल्या तळावरच मुक्काम करायचा. ह्यांना ते फार लागलं. ‘बाबांनी मेटॅडोर ठरवून अष्टविनायक केले तेव्हा वडाखाली चूल मांडून पिठलं केलं होतं, कुणी दंड नाही मागितला,’ हे पालुपद प्रत्येक सुंदर वळणावर ऐकलं. खरंच बाबा, स्टो, पाण्याची कळशी, गाद्यांच्या वळकट्या, गाडीच्या कुवतीच्या दुप्पट माणसं आणि उलटीसाठी आवळासुपारी एवढ्या जुळणीवर तुम्ही ते सगळं केलंत. आम्हाला त्यासाठी तीसेक पानांची मार्गदर्शक पुस्तिका आणि अनामत रक्कम लागली. पुस्तिकेत आवळासुपारीचा उल्लेख नव्हता. मी नेली होती.

आणि लागलीच. क्रान्स्का गोरा गावाकडून व्हर्शिचचा घाट चढलो. एकूण पन्नास वळणं, चोवीस चढताना आणि सव्वीस पलीकडे उतरताना. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी. चढाच्या बाजूच्या वळणांवर अजून जुनी दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे गाडीतला प्रत्येक चमचा बोलतो. ‘कसारा घाट चालवलेला माणूस आहे मी,’ असं हे पहिल्या वळणाला म्हणाले. बाराव्यानंतर काही म्हणाले नाहीत. मुलं क्रमांक ओरडत होती, मी रामरक्षा म्हणत होते. माथ्याची उंची १६११ मीटर. बाबा, कळसूबाई १६४६! आपल्या साल्हेरच्याही वरच्या उंचीला आम्ही फ्रीज आणि संडासासकट जाऊन पोहोचलो. वर मेंढ्या रस्त्यात निवांत बसलेल्या. हॉर्न दिला तरी उठल्या नाहीत. ह्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

या घाटाची हकीकत मात्र हसण्यासारखी नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करानं रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला. मार्च १९१६मध्ये हिमकडा कोसळला आणि कित्येक कैदी त्याखाली गाडले गेले. उरलेल्यांनी आपल्या सोबत्यांसाठी आठव्या वळणापाशी एक लाकडी प्रार्थनाघर बांधलं, ते अजून उभं आहे. मुलांना तिथे उतरवलं. धाकटीनं विचारलं, ‘ते लोक मग घरी गेले का?’ तिला आजोबांच्या पद्धतीनं खरं तेच सांगितलं, की सगळे नाही गेले.

घाट उतरला की सोचा नदीचं खोरं. नदीच्या उगमापर्यंत शेवटचा टप्पा खडकाला बांधलेली तार धरून चढायचा. आत कपारीतून गार, निळंहिरवं पाणी. मला ब्रह्मगिरीची आठवण झाली आणि धाकटीनं विचारलं, ‘मग इथलं रामकुंड कुठाय?’ सोचा एकूण १३८ किलोमीटरची, गोदावरी १४६५. त्यामुळे बाबांनी काळजी करू नये, मोठेपणा आपल्याकडेच आहे. फक्त एक कबूल करावं लागतं. तिच्या काठावर दिवसभर माणसं होती आणि संध्याकाळी एक पिशवीसुद्धा मागे नव्हती.

याच नदीकाठच्या तळावर मिसळ झाली. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी मी खिडकीशी टांगली होती. चालत्या गाडीच्या उबेनं असे मोड आले की नाशिकच्या स्वयंपाकघरात कधी आले नव्हते. कोंडाजी चिवडा आईंनी दिलेला, पाव तिथला, रस्सा माझा. रात्री दहानंतर आवाज नको असा तळाचा नियम असतो. वासाबद्दल नियम नाही. शेजारच्या गाडीतलं निवृत्त डच जोडपं आधी लांबून बघत होतं, मग वाट्या घेऊनच आलं. आजोबांनी तर्रीचा पहिला चमचा घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, नदीवर जाऊन तोंड धुऊन आले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमची गाडी तिरकी उभी आहे म्हणून त्यांनी चाकाखाली पाचरी लावून दिल्या. तोवर आम्ही दोन रात्री डोकं खाली, पाय वर करून झोपलो होतो आणि ह्यांचं म्हणणं होतं की हे शीर्षासनासारखं, प्रकृतीला चांगलं.

ब्लेडचं तळं तुम्ही आधीच्या कुठल्याशा सिनेमात पाहिल्यासारखं वाटेल. मध्ये बेट, बेटावर चर्च, वर जायला ९९ पायऱ्या. तिथे लग्न करणाऱ्या नवऱ्यानं नवरीला उचलून सगळ्या पायऱ्या चढायच्या आणि नवरीनं तेवढा वेळ तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत आहे. हे पायथ्याशीच म्हणाले, ‘आपलं लग्न नाशिकला झालंय, तिथले नियम लागू.’ दुसरी अट ऐकल्यावर माझाही आग्रह नव्हता.

जवळच राडोव्हल्यित्साला मधमाश्यांचं संग्रहालय आहे. हा सगळा देश मधमाश्यांवर जीव टाकतो. २० मे हा जागतिक मधमाशी दिन यांच्याच आन्तोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधपाळाच्या नावानं ठरला. पूर्वी पोळ्यांच्या लाकडी पेट्यांवर चित्रं रंगवायची पद्धत होती. एका चित्रात सैतान बाईच्या जिभेला सहाणेवर धार लावतोय. त्यासमोर तुमचे चिरंजीव बराच वेळ उभे होते. दुसऱ्यात म्हाताऱ्या बायका जात्यात शिरून तरुण होऊन बाहेर पडताहेत. त्यासमोर मी उभी होते.

पोस्टोयनाच्या गुहेत आगगाडीनं आत नेतात. आत कडक थंडी आणि पाण्यात प्रोटिअस नावाचा फिकट गुलाबी प्राणी. तो वर्षानुवर्षं काही न खाता जगू शकतो, असं मार्गदर्शकानं सांगितलं आणि घोळ झाला. संध्याकाळी वरणभात समोर आल्यावर धाकटी म्हणाली, ‘मी प्रोटिअस.’ थोरला म्हणाला, ‘त्याला दिसतही नाही. मग कार्टून बंद.’ वरणभात संपला.

आता बाबा, तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. परतीच्या वाटेवर मुद्दाम वाकडी वाट करून मारिबोरला गेलो. द्रावा नदीकाठी एका जुन्या घराच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल आहे, चारशेहून अधिक वर्षांचा. जगातला सगळ्यात जुना फळता वेल म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. १६५७ सालच्या चित्रातही तो त्याच घरावर दिसतो. युरोपभरच्या बागा फिलॉक्सेराच्या किडीनं बसवल्या, तेव्हा हा टिकला. आपल्याकडे पंधराएक वर्षांत बाग काढायची वेळ येते, त्यामुळे ह्यांनी तुमच्या वतीनं तिथल्या बाईंना प्रश्न विचारून भंडावलं. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळा संपता संपता, तीही गावाच्या समारंभानं. आपली एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी असं दोनदा सांगितल्यावर त्या बाईंना वेलाची दया आली. उत्पन्न किती? वर्षाला पस्तीस ते पंचावन्न किलो. त्याची वाइन इवल्याशा बाटल्यांत भरून मोठ्या पाहुण्यांना भेट देतात, विकत नाहीत. ह्यांनी मनातल्या मनात आपल्या दिंडोरीच्या बागेचा एकरी हिशोब करून पाहिला आणि म्हणाले, ‘बाबा म्हणतील, औषधाचा तरी खर्च निघतो का?’

तर मुद्द्याचं. पुढच्या वर्षी खरड छाटणी आटोपली की तुम्ही दोघं इकडे या. मोठी गाडी घेऊ, सहा जणांची. ‘बागेत काम आहे’ हे कारण चालणार नाही. चारशे वर्षांत त्या वेलाचा एकही माळी सुट्टीवर गेला नसेल असं मला वाटत नाही. शिवाय २०२७च्या सिंहस्थात अख्खा गोतावळा आपल्या घरी उतरणार, तेव्हा उंबरठा ओलांडायची सोय उरणार नाही. २० मेच्या आसपास मधमाश्यांचा मुहूर्त धरू. व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं आणि प्रवासविमा लागेल, यादी वन्संना पाठवलीय. आई, येताना थालिपिठाची भाजणी आणि गोडा मसाला आणा. घट्ट झाकणाच्या डब्यात.

मुलांचे आजी-आबांना नमस्कार. वन्सं आणि भावजींना सांगा.

तुमची,
सूनबाई

ता. क. : चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडीनं चढावं लागतं आणि तिथे उठून बसलं की डोकं छताला लागतं. बाबा ‘मी झोपतो वर’ म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे ती जागा मुलांनी आत्ताच लेखी मागून घेतली आहे.

ता. ता. क. : पेटीच्या रांगेत यंदा हे एकटे पडले. पुढच्या वर्षी बाबांची सोबत होईल असं ते म्हणतात. आई, यावर तुमचं उत्तर सवडीनं कळवा.