पुठ्ठ्याचा गेटवे

आमच्या घरात सध्या ४१ गेटवे ऑफ इंडिया आहेत. पाहुण्यांचा चहा गेटवेच्या ट्रेमधून येतो, किल्ल्या गेटवेला लटकतात आणि आंघोळीनंतर मी गेटवेनेच अंग पुसतो. जॉर्ज विटेटने पिवळसर बेसॉल्टमध्ये तो ८५ फूट उंच बांधला. माझ्या कीचेनवर तो दीड इंच आणि पोपटी आहे. शिवाय काचेचा एक गोळा. हलवला की आतल्या गेटवेवर बर्फ पडतो! मुंबईत बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो, हे बनवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

हा छंद मी धरला तो काटकसरीपोटी. १० च्या नोटेवर कोणार्क, २० च्या नोटेवर वेरूळ, ५०० च्या नोटेवर लाल किल्ला. हा संग्रह माझ्याकडे वीस तारखेच्या पुढे कधी टिकलाच नाही. गेटवे मात्र या नव्या नोटांवर कुठेच नाही. म्हणून तो साठतो.

आणि नेमकं तेच हिला खुपतं. दिवाळीच्या साफसफाईत तिने माळा उपसला आणि रद्दीवाल्याला हाक मारली. पहिला नंबर लागला मिठाईच्या एका खोक्याचा. झाकणावर गेटवे, आणि अरबी समुद्रात बरोब्बर मध्यभागी तुपाचा डाग.

मी आडवा आलो. "अगं, मूळ गेटवे पुठ्ठ्याचाच! १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांना बघायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. दगडी कमानीचं उद्घाटन झालं १९२४ साली. पाहुणा जाऊन तेरा वर्षं झाल्यावर तोरण! पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर गेली. स्वागताला वेळेवर हजर होता तो फक्त पुठ्ठा. दगड कामाला आला तो निरोपाला."

"म्हणजे गेटवे घराबाहेर काढायच्याच कामाचा, असं तुम्हीच म्हणताय ना?" असं म्हणत हिने खोका रद्दीवाल्याच्या हातात दिला.

त्याने तो उलटसुलट केला, डागावर बोट टेकवलं आणि परत केला.

"तुपकट पुठ्ठा चालत नाही, काका."

अरबी समुद्राने राखला!